जीवनशैली कोणाची? मुंबईच्या गिरण्यांपासून पुण्याजवळच्या सहा गावांपर्यंत

आज आपण ज्या विषयावर बोलणार आहोत तो तसा रोजच्या बोलण्यातला आहे. मुलीची पाळी चार-चार महिने येत नाही, सोनोग्राफीत पीसीओएस निघतो. सून गरोदर आहे आणि सातव्या महिन्यात साखर वाढलेली सापडते. चाळिशीतल्या बहिणीचं हिमोग्लोबिन आठवर आलेलं असतं आणि वजन मात्र पंचाहत्तर किलो. तिघींच्या चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली एक ओळ सारखीच असते : जीवनशैलीत बदल करा.

हा सल्ला चुकीचा आहे असं आम्ही अजिबात म्हणणार नाही. पीसीओएस असलेल्या आणि वजन जास्त असलेल्या बाईचं वजन पाच-दहा टक्क्यांनी उतरलं तरी अनेकदा पाळी सुधारते, बीज सुटायला लागतं, हे दिसलेलं आहे. चालणं, झोप, जेवणाच्या वेळा यांनी साखरेवर परिणाम होतो हेही पक्कं आहे. आपला आजचा प्रश्न इतिहासाचा आहे. 'जीवनशैली' या शब्दात एक गृहीत लपलेलं आहे. आपण कसं जगायचं हे ज्याचं त्यानं निवडलं आहे, आणि निवड बदलली की तब्येत बदलेल, असं ते गृहीत. आता आपल्याकडच्या बाईचं लग्न कोणत्या वयात होणार, ती कोणतं काम किती तास करणार, जेवायला कधी बसणार आणि तेव्हा पातेल्यात काय उरलेलं असणार, यातल्या किती गोष्टी तिनं निवडल्या होत्या? गेल्या शंभर वर्षांत मुंबई आणि पुणे परिसरात बायकांच्या आहार-कामाचे जे अभ्यास झाले, त्यांतले तीन आज आपण जरा सावकाश बघू. त्यांची उत्तरं एकमेकांत छान गुंतलेली आहेत.

त्याआधी पार्श्वभूमी थोडक्यात. एकोणिसाव्या शतकात स्त्रीच्या शरीराबद्दल आपल्याकडे जो सर्वांत मोठा जाहीर वाद झाला, तो वयाचा होता. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी नवऱ्याच्या घरी नांदायला जायला नकार दिला, तो खटला १८८४ ते १८८८ मुंबईत गाजला. कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीनं मेली आणि १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन मर्यादा दहावरून बारावर आली. टिळकांचा विरोध, भांडारकरांचा पाठिंबा, सभा, पत्रकं, हे सगळं आपल्याला शाळेपासून माहीत आहे. त्या वादात धर्मशास्त्र खूप बोललं गेलं. वाढ पुरी न झालेल्या शरीरावर बाळंतपण आलं की काय होतं, ही बाजू मांडायला स्त्री-डॉक्टर पुढे आल्या. आनंदीबाई जोशी यांचं उदाहरण तर घरातलंच. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि बाळ दहा दिवसांत गेलं. डॉक्टर होण्याच्या त्यांच्या निश्चयामागे ते दुःख होतं. पुढे १९२९ चा सारडा कायदा आला, मुलीचं किमान वय चौदा झालं. आज ते अठरा आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळजवळ बावीस टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. म्हणजे पाचांत एकीहून जास्त. हा धागा मनात ठेवू या आणि गिरणगावाकडे जाऊ.

साल १९२८. मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये हजारो बायका काम करत होत्या, मुख्यतः गुंडाळणी आणि तत्सम खात्यांत. दिवसभर उभं राहून काम, त्याआधी पहाटे नळावर रांग, नंतर घरी चूल. तान्ह्या बाळानं कामाच्या वेळात झोपून राहावं म्हणून त्याला अफूची बाळागोळी द्यायची, ही त्या काळातली सर्रास रीत. दिवस भरत आले तरी बाई कामावर जायची, कारण खाडा म्हणजे पगार नाही.

याच वर्षी मुंबईत दोन गोष्टी घडल्या. एक विधिमंडळात आणि एक प्रयोगशाळेत. त्यांचा एकमेकींशी थेट संबंध नव्हता, पण आज मागे वळून पाहिलं तर त्या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू वाटतात.

विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांना बाळंतपणाची भरपगारी नसली तरी काही मोबदल्यासह रजा द्यावी, असं विधेयक चर्चेला आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा मुंबई विधिमंडळाचे सदस्य होते. त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. त्यांच्या मांडणीचा गाभा असा, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, म्हणून याचा भार सरकारनंही उचलायला हवा. आणि मालक त्या बाईच्या श्रमातून नफा मिळवतो, म्हणून तोही जबाबदारीतून सुटत नाही. १९२९ साली कायदा झाला. प्रसूतीच्या आधीचे आणि नंतरचे मिळून सात आठवडे. आज आकडा लहान वाटेल, पण भारतात अशा प्रकारचा हा पहिलाच कायदा. बाईनं गरोदरपणात आराम करावा हे तोपर्यंत घरच्या वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याचं वाक्य होतं. आता ते हक्काचं वाक्य झालं. अर्थात याची दुसरी बाजूही सांगायला हवी. पुढच्या दशकांत गिरण्यांतलं बायकांचं प्रमाण घटत गेलं. त्याची कारणं अनेक होती, पण बायका कामावर ठेवणं महाग पडतं हा मालकांचा हिशेब त्यात होता.

आता प्रयोगशाळा. परळला हाफकिन इन्स्टिट्यूट आहे, आपल्यापैकी पुष्कळांनी तिथून सर्पदंशावरच्या लशीचं नाव ऐकलं असेल. तिथे डॉ. मार्गारेट बाल्फर यांच्या पुढाकारानं मातामृत्यूंची चौकशी सुरू झाली होती. बाल्फर यांनी गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणांचाही अभ्यास केला. त्या चौकशीत एक कोडं समोर होतं. गरोदर बायकांना एक विशिष्ट रक्तक्षय होत होता. बाई पांढरीफटक पडायची, धाप लागायची, अंगावर सूज यायची आणि अनेकदा बाळंतपणाच्या आसपास मरायची. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तातल्या लाल पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसायच्या. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात. इथे उलटं होतं. लोह देऊन उपयोग होत नव्हता.

हे कोडं सोडवायला १९२८ साली लंडनहून डॉ. ल्युसी विल्स आल्या. वय चाळीस. वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकून मग वैद्यकाकडे वळलेल्या. त्यांनी सुरुवात केली ती संसर्गापासून. एखादा जंतू तर नाही ना? तसा काही सापडला नाही. मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. कोणत्या घरातल्या बायकांना हा आजार जास्त होतो आणि त्या घरात काय खाल्लं जातं, याची नोंद केली. चित्र स्पष्ट निघालं. मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांत आणि वर्गांत आजाराचं प्रमाण वेगळं होतं आणि ते जेवणाच्या दर्जाबरोबर बदलत होतं. सगळ्यांत जास्त भोगत होत्या गरीब मुसलमान बायका, ज्यांच्या जेवणात फळं, भाज्या, दूध फार थोडं होतं.

विल्सबाईंनी मग उंदरांच्या माद्यांना त्या बायकांसारखाच आहार दिला. माद्यांना रक्तक्षय झाला आणि पिल्लं व्हायच्या आत त्या मेल्या. त्याच आहारात यीस्टचा अर्क घातला तेव्हा त्या वाचल्या. पुढे माकडांवरही असंच दिसलं. हा यीस्टचा अर्क म्हणजे मार्माइट, दारू गाळण्याच्या कारखान्यात उरणाऱ्या यीस्टपासून केलेला, पावाला लावून खायचा स्वस्त पदार्थ. त्या काळात अशा रक्तक्षयावर यकृत खायला देत. ते महाग, आणि आपल्याकडच्या कित्येक घरांत चालणारंही नव्हतं. मार्माइट चमच्यानं देता येत होतं. गरोदर रुग्णांना ते दिलं आणि मरणाच्या दारातल्या बायका उठून बसल्या. १९३१ साली विल्स यांनी हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केलं.

त्या अर्कात नेमकं काय होतं हे त्यांना तेव्हा सांगता आलं नाही, म्हणून कित्येक वर्षं त्याला 'विल्स घटक' म्हणत. १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालक उकळून, गाळून एक द्रव्य वेगळं करण्यात आलं. पानांतून मिळालं म्हणून लॅटिनमधल्या पानाच्या शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव पडलं. आज सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला जी लोहाची गोळी मिळते, तिच्यातच हे फॉलिक आम्ल असतं. जगभरच्या गरोदर बायका ते घेतात. त्याचा माग पहिल्यांदा लागला तो मुंबईत, आपल्याच गरीब बायकांच्या ताटाकडे नीट पाहिल्यामुळे.

इथे एक गोष्ट लक्षात घेऊ. विल्सबाईंना जे सापडलं त्याला आपण आज 'चुकीचा आहार' म्हणू. पण त्या बायकांनी भाजी आवडत नाही म्हणून सोडली नव्हती. भाजी परवडत नव्हती. पडद्यामुळे बाजारात स्वतः जाता येत नव्हतं. आणि जे घरात यायचं ते आधी कमावत्या पुरुषाला, मग मुलांना. हा क्रम हिंदू घरांतही काही वेगळा नव्हता.

आता आपण साठ-पासष्ट वर्षं पुढे आणि घाटावर जाऊ. मधल्या काळात जगात एक नवा विचार आला होता, तो दोन वाक्यांत सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात जर्मनांनी हॉलंडच्या पश्चिम भागाची रसद तोडली. त्या उपासमारीत जी मुलं पोटात होती, त्यांच्यात पन्नाशीत साखर जास्त सापडली. आणि इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी जुन्या सुईणींच्या वह्या काढून दाखवलं, की जन्मतः वजन कमी असलेल्यांना पुढे हृदयविकार आणि मधुमेह जास्त होतो. म्हणजे मधुमेहाची पेरणी आईच्या पोटातच होऊ शकते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे रुग्ण पाहत होते. त्यांना दिसत होतं की आपल्याकडे मधुमेह लवकर होतो आणि जाड नसलेल्यांनाही होतो. बार्कर आणि कॅरोलाइन फॉल यांच्यासोबत त्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. त्याचं वैशिष्ट्य असं, की तो गरोदर बायकांपासून सुरू झाला नाही. दिवस जाण्याच्या आधीपासून लग्न झालेल्या सुमारे अडीच हजार बायकांची नोंद झाली, दर महिन्याला पाळीची चौकशी झाली, आणि मग ज्यांना दिवस गेले अशा सुमारे आठशे जणींचा आहार, काम, रक्त, बाळाची वाढ हे सगळं मोजलं गेलं. ती बाळं आज तिशीच्या उंबरठ्यावर आहेत आणि अभ्यास चालूच आहे.

या बायका कशा होत्या? सरासरी वजन बेचाळीस किलोच्या आसपास. बाळांचं सरासरी वजन दोन किलो सातशे ग्रॅम. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आठशे ग्रॅमचा फरक. पण बाळांची मापं बारकाईनं घेतल्यावर विचित्र गोष्ट निघाली. पुण्याच्या बाळांचे स्नायू बारीक होते, पोट-यकृताचा भाग लहान होता, पण कातडीखालची चरबी त्या मानानं भरपूर शाबूत होती. वजनानं रोड, आतून मेदाळ. 'थिन-फॅट बेबी' हे नाव जगाच्या वैद्यकात या गावांतून गेलं. आणि हीच ठेवण मोठेपणी टिकते. याज्ञिकांनी स्वतःचा आणि लंडनमधल्या जॉन युडकिन या सहकाऱ्याचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापला. उंची-वजनाचा निर्देशांक, ज्याला आपण बीएमआय म्हणतो, दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. 'मी कुठे जाड आहे?' असं म्हणणाऱ्या आपल्याकडच्या प्रत्येकानं तो फोटो डोळ्यांपुढे आणावा.

पीसीओएसचाही इथे संबंध आहे. हा आजार १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात बायकांवरून वर्णन केला, आणि पुढची चाळीसेक वर्षं तो बीजकोशाचा आजार समजला गेला. १९८० पासून त्याचं इन्सुलिनशी नातं दिसायला लागलं. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की इन्सुलिन जास्त बनतं, आणि ते बीजकोशाला पुरुषी संप्रेरकं जास्त तयार करायला लावतं. म्हणजे पाळीची तक्रार आणि साखरेची तक्रार या दोन वेगळ्या खोल्या नाहीत, मधली भिंत पातळ आहे. बारीक दिसणाऱ्या पण आतून मेदाळ असलेल्या आपल्या मुलींना हा त्रास का होतो, याचं निदान एक कारण इथे मिळतं.

परत सहा गावांकडे येऊ, कारण मुख्य गोष्ट पुढे आहे. बाळाचं वजन कशानं ठरत होतं? आईनं किती उष्मांक खाल्ले, किती प्रथिनं खाल्ली, याचा संबंध फारसा सापडला नाही. संबंध सापडला तो हिरव्या पालेभाज्यांशी, फळांशी आणि दुधाशी. ज्या बायका पालेभाजी वरचेवर खात होत्या त्यांची बाळं मोठी होती. विल्सबाईंचं पान इथे पुन्हा उगवलं. दुसरा संबंध कामाशी. शेतातली मेहनत, विहिरीवरून पाणी आणणं, अशी कामं ज्यांच्या वाट्याला जास्त, त्यांची बाळं लहान. आता या बायकांना तुम्ही सांगणार का, की व्यायाम वाढवा? शहरातल्या बैठ्या बाईला जो सल्ला लागू पडतो, तो इथे उलटा पडेल. गावात शेत आहे, गोठा आहे, मग पालेभाजी आणि दूध का नाही? कारण भाजी बाजाराला जाते, दूध डेअरीला जातं, आणि घरात उरतं ते चहापुरतं.

तिसरी गोष्ट सर्वांत अनपेक्षित. यातल्या जवळजवळ दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. बी-१२ दूध, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. घरात मटण शिजलं तरी ते महिन्यातून एकदा-दोनदा, आणि बाईच्या वाट्याला रस्सा. फॉलिक आम्ल मात्र पुरेसं होतं, कारण गोळ्या मिळत होत्या. मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांचं रक्त तपासलं. ज्या आयांचं फॉलिक आम्ल जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सगळ्यांत जास्त आढळली. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. याचा अर्थ फॉलिक आम्लाची गोळी वाईट, असा कृपा करून कुणी काढू नये. बाळाच्या पाठीच्या कण्याचे जन्मदोष टाळायला ती हवीच. अर्थ एवढाच, की ताटात जे चार-पाच पदार्थ एकत्र असायला हवेत, त्यांतला एक गोळीतून दिला म्हणून बाकीच्यांची गरज संपत नाही.

आता आपल्या परंपरेकडे जरा प्रेमानं आणि जरा परखडपणे बघू. आपल्याकडे बाईच्या खाण्याकडे कधीच लक्ष दिलं गेलं नाही, असं नाही. डोहाळजेवण असतं. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा, खारीक-खोबरं. 'दोन जिवांची आहे, पोटभर जेव' असा आग्रह होतो. पण हे कौतुक कधी सुरू होतं? पाचव्या-सातव्या महिन्यात, पोट दिसायला लागल्यावर. बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी मात्र गर्भधारणेनंतर अठ्ठावीस दिवसांत मिटते. त्या वेळी बाईला आपल्याला दिवस गेलेत हेही अनेकदा कळलेलं नसतं. म्हणजे शरीराला गरज असते तेव्हा ती फक्त घरातली सून किंवा मुलगी असते, सगळ्यांना वाढून झाल्यावर जेवणारी. आणि डोहाळे पुरवले जातात तोवर पाया घालून झालेला असतो.

हाच विचार पकडून तिसरा अभ्यास झाला, आणि तो आपल्याला पुन्हा मुंबईत आणतो. २००६ पासून मुंबईतल्या झोपडवस्त्यांमध्ये डॉ. रमेश पोतदार, कॅरोलाइन फॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेसहा हजार बायकांना, दिवस जाण्याच्या आधीपासून, रोज एक खाऊ दिला. अर्ध्या जणींच्या खाऊत पालेभाजी, फळं आणि दूध होतं. बाकीच्यांच्या खाऊत बटाटा-कांद्यासारखे कमी पोषक पदार्थ. यातली एक बारकी गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. खाऊ वस्तीतल्या केंद्रावर, कार्यकर्तीच्या समोर खायचा होता. घरी नेला असता तर तो कुणाच्या हातात गेला असता, हे सांगायला नको.

निकाल काय लागला? बाळांच्या वजनात एकंदरीनं मोठा फरक पडला नाही. ज्यांनी दिवस जाण्याआधी निदान तीन महिने खाऊ खाल्ला, त्यांच्या बाळांत सुमारे पन्नास ग्रॅमची वाढ दिसली. पण कोणी फारशी अपेक्षा न केलेली गोष्ट झाली. गरोदरपणातला मधुमेह साध्या खाऊच्या गटात १२.४ टक्के बायकांना झाला आणि पालेभाजी-फळं-दुधाच्या गटात ७.३ टक्के बायकांना. ना औषध, ना व्यायामशाळा, ना कडक पथ्य. रोजचा एक पदार्थ, वेळेवर, तिच्याच पोटात जाईल अशी सोय करून. आपण ज्याला जीवनशैलीतला बदल म्हणतो तो इथे झाला, पण त्यासाठी आधी सोय बदलावी लागली.

आता उलटं उदाहरण. ज्या ठिकाणी सोय बदलली नाही, तिथे बाईचं शरीर बदलून घेतलं गेलं. बीड जिल्ह्यातून दरवर्षी नवरा-बायकोची जोडी, ज्याला तिथे 'कोयता' म्हणतात, मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जाते. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. पालावर न्हाणीघर नाही, संडास नाही, पाणी लांबून. पाळीच्या दिवसांतही डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढायचं. पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं यावर इलाज म्हणून या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात होत्या. २०१९ मध्ये सरकारनं नेमलेल्या समितीपुढे पाहणी आली, तेव्हा ब्याऐंशी हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. तिशीत गर्भपिशवी, आणि अनेकदा तिच्याबरोबर बीजकोशही काढले की पाळी कायमची थांबते, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. १९२८ मध्ये गिरणीतल्या बाईला बाळंतपणासाठी खाडा मिळावा म्हणून जो वाद झाला, तो उसाच्या फडात अजून सुटलेला नाही.

मग आज आपण कुठे आहोत? देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांमध्ये सत्तावन्न टक्के जणींना रक्तक्षय आहे, आणि त्याच पाहणीत चोवीस टक्के बायकांचं वजन प्रमाणाबाहेर आहे. महाराष्ट्रात रक्तक्षय चौपन्न टक्के, म्हणजे आधीच्या पाहणीपेक्षा वाढलेला. उपाशीपणा आणि जाडी या दोन टोकांच्या गोष्टी आहेत असं आपल्याला वाटायचं. आता त्या एकाच गल्लीत, एकाच घरात, कधीकधी एकाच बाईत राहतात. बेचाळीस किलोच्या आईची मेदाळ लेक शहरात आली. विहीर सुटली, पाणी नळाला आलं, ही फार चांगली गोष्ट. पण पालेभाजी निवडायला वेळ राहिला नाही, स्टँडवर वडापाव मिळतो, कामावरून घरी यायला नऊ वाजतात आणि त्यानंतर ती सगळ्यांना वाढते. शरीर आजीच्या टंचाईसाठी तयार झालेलं आणि ताट बाजाराच्या भरभराटीचं. अशा मुलीला 'जरा मनावर घे' म्हणणं सोपं आहे.

इतिहास वाचून करायचं काय, असा प्रश्न तुमच्या मनात असेलच. आम्ही डॉक्टर नाही, औषध सांगणार नाही. पण या तीन अभ्यासांतून काही साध्या गोष्टी घरी नेता येतात. घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचं हिमोग्लोबिन तपासा. तिच्या लग्नाचा विचारही नसताना तपासा. पालेभाजी, दूध किंवा दही, अंडं किंवा मासा हे तिच्या ताटात आजच असू द्या, सातव्या महिन्याची वाट पाहू नका. पूर्ण शाकाहारी घर असेल तर बी-१२ बद्दल डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात साखर वाढलेली असेल, तर बाळंत झाल्यावर सहा आठवड्यांनी आणि मग दरवर्षी साखर तपासा. पेढे वाटण्याच्या धांदलीत ही तपासणी राहून जाते आणि त्या बायकांना पुढे मधुमेह होण्याचा धोका खूप जास्त असतो. पीसीओएस असलेल्या मुलीला चालायला जा म्हणताना, ती कधी जाणार आणि तेवढा वेळ घरातलं कोणतं काम दुसरं कोण करणार, हेही त्याच वेळी ठरवा. हा दुसरा अर्धा भाग ठरला नाही, तर पहिला अर्धा कागदावरच राहतो.

आणि एक गोष्ट सगळ्यांसाठी, विशेषतः पुरुष श्रोत्यांसाठी. आज रात्री जेवताना नुसतं पाहा, घरात शेवटी कोण बसतं आणि तेव्हा भाजीच्या पातेल्यात काय असतं. ल्युसी विल्स यांनी परळमध्ये बसून जे केलं त्याची सुरुवात एवढ्याच पाहण्यापासून झाली होती.

इथे थांबतो. पुढची वीस मिनिटं प्रश्नांसाठी ठेवली आहेत. बायकांचे प्रश्न आधी घेऊ.